रावसाहेबांचा ताप

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा एका मित्राच्या नाकातून चहा आला, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. संपला? बरं. आता ऐका माझ्या फजितीची गोष्ट. फक्त एक विनंती, खरंखोटं करायला अनघाकडे जाऊ नका. माझी बायको हेच सगळं माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगते, आणि शेवटी दोन सेकंद थांबून माझ्याकडे बघते.

तर मी एक ट्रक घेतला.

ट्रक म्हणजे आपल्याकडचा घाटात धूर सोडणारा नव्हे हो! अमेरिकन पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. तोही नवा नाही. मी साताऱ्यात पाढे पाठ करत होतो त्या सुमारास तो कारखान्यातून बाहेर पडला असावा. रंग लाल. जिथे लाल नाही तिथे गंज, पण लांबून तोही लालच दिसतो.

"का?" अनघाने एवढंच विचारलं होतं.

आता काय उत्तर देणार? आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये मराठी माणसाने पंचेचाळिशी ओलांडली की तो तीनपैकी एक काहीतरी करतो. मॅरेथॉन पळतो, शास्त्रीय संगीत शिकतो, नाहीतर गॅरेजमध्ये स्वतःची बिअर काढतो. माझे गुडघे, गळा आणि पोट, तिन्ही नाजूक. मग राहिलं काय? ट्रक!

शिवाय मी व्हिडिओ पाहिले होते. त्यात एक दाढीवाला माणूस असतो. तो हातात एक पाना घेतो, काहीतरी पिळतो, आणि तीस वर्षं गोठ्यात पडून असलेला ट्रक घुर्र करून चालू होतो. मग तो कपाळावरचा घाम पुसून आकाशाकडे बघतो. मला ते आकाशाकडे बघणं फार आवडलं होतं.

ट्रकचं नाव मी ठेवलं रावसाहेब. कारण पहिल्या हाकेला उठायचे नाहीत, दुसऱ्या हाकेला खाकरायचे आणि तिसऱ्या हाकेला अख्ख्या गल्लीला कळेल असे उठायचे.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. ऑफिसात माझं काम काय आहे माहितीये? सिस्टिम बंद पडली की बिघाडाचं मूळ कारण शोधणं. मी त्या टीमचा प्रमुख आहे. प्रमुख! हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. म्हणजे तुमच्या कामाला, मला चिडवायला.

असो. आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक ठरलं. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका अनघाची. तिने त्या नाटकात जीव ओतला होता. उन्हाळाभर आमच्या घरात पोळ्यासुद्धा संवाद म्हणत लाटल्या जात होत्या. नाटकात सगळं घडतं ते एका दारात. सासू दारात, सून दारात, भांडण दारात, समेटही दारात. त्यामुळे सेट म्हणजे मुख्यतः एक भलंमोठं, कोरीव, चौकटीसकट दार. ते बनवत होता आमचा मित्र प्रशांत वासनिक. मूळचा नागपूरचा, इथे पुलांची डिझाइनं करतो. त्यामुळे ते दारसुद्धा त्याने असं बांधलं होतं की त्यावरून मालगाडी गेली असती.

मंडळाच्या मीटिंगमध्ये प्रशांत म्हणाला, "मी भाड्याचा ट्रक बुक केला आहे. दार माझ्या गॅरेजमधून थेट हॉलवर."

आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

"भाड्याचा?" मी म्हणालो. "रावसाहेब असताना? कॅन्सल कर!"

"अरे, पण जमते का त्याला?" प्रशांत म्हणाला. "जुना आहे बे तो."

"जुनं ते सोनं! एकेक नट माझ्या हाताखालून गेलाय."

हे अर्धं खरं होतं. एक नट माझ्या हाताखालून गेला होता. तो अजून सापडलेला नाही.

अनघा सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "मिलिंद, ऐक. हॉल शाळेचा आहे. दिलेल्या वेळेत पडदा उघडला नाही तर ते लोक दिवे घालवून घरी जातात. दार वेळेवर आलं नाही तर नाटक गेलं. आणि नाटक गेलं, तर रावसाहेबही गेले. दुसऱ्याच दिवशी विकायचे. कबूल?"

चाळीस डोळे माझ्याकडे. मी काय करणार? म्हणालो, "कबूल!"

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

मग आलं नवरात्र. आमच्याकडे घट बसतात. रोज एक माळ, अनघा स्वतः ओवते. झेंडू आमच्या परसातलाच, पण इथे पुडीचा दोरा मिळत नाही, म्हणून तिने लेकीच्या विणकामातली चकाकती जांभळी लोकर वापरली होती. दसऱ्याला रावसाहेबांची पूजा झाली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, आणि पुढे हत्तीला शोभेल असा हार.

हार दुपारी चढला आणि संध्याकाळी लिंडा आली. लिंडा म्हणजे आमच्या वसाहतीच्या कमिटीवर असलेली शेजारीण. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गोरं करा, हातात कुत्रा द्या आणि तोंडावर कायम हसू ठेवा, झाली लिंडा.

"किती सुंदर!" ती म्हणाली. "फक्त एक सांगू का? ड्राइव्हवेमधल्या गाड्यांवर सजावट चालत नाही. तुमच्यासाठी म्हणून अपवाद केला, तर उद्या कुणीतरी सांगाडा बांधेल."

तिच्या मागेच एका घरावर हॅलोविनचा बारा फुटी सांगाडा उभा होता. पण तो घरावर होता, गाडीवर नव्हता. नियम म्हणजे नियम! मी हार काढला.

अनघाने हार घेतला, नवरात्रातल्या सगळ्या माळा घेतल्या, तोरणाची पानं घेतली, आणि एक गच्च भरलेली पिशवी माझ्या हातात दिली.

"हे निर्माल्य. वाहत्या पाण्यात सोडून ये. कचऱ्यात टाकायचं नाही."

"छे छे."

"गाडीत पायाशी ठेवायचं नाही. चपला असतात."

"बरं. सीटवर ठेवतो."

"सीटवर? जिथे बसून तू ऑफिसातून येताना चिकन सँडविच खातोस? मला कळत नाही असं वाटतं?"

"मागे हौद्यात?"

"परवा तू हौद्यातून शेणखत आणलंस."

"मग काय डोक्यावर घेऊन जाऊ?"

"तुझं तू बघ."

मी बघितलं. ठेवली पिशवी आणि ठरवलं, सोमवारी ऑफिसला जाताना नदीवर थांबायचं. सोमवारी निघाली मीटिंग. मंगळवारी अनघाने विचारलं, "निर्माल्य सोडलंस का रे?" मी लॅपटॉपमध्ये होतो. मान वर न करता म्हणालो, "हो."

आणि विषय संपला. म्हणजे डोक्यातून तरी संपला.

त्याच आठवड्यात रावसाहेबांना ताप आला.

बाहेर कुडकुडायला लावणारी थंडी, आणि इकडे डॅशबोर्डवरचा काटा लाल रेघेकडे निघालेला. दुकानापर्यंत जाऊन येईस्तोवर बॉनेटखालून वाफ! लेक मागून म्हणाली, "बाबा, इट्स लिटरली कुकिंग."

मी घाबरलो का? मुळीच नाही. उलट आतून आनंदच झाला. अखेर खरा बिघाड! मी पाना हातात घेतला आणि व्हिडिओ लावला. दाढीवाला म्हणाला, थर्मोस्टॅट. म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे कधी सोडायचं ते ठरवणारी झडप. मी थर्मोस्टॅट बदलला. बदलताना हिरवं पाणी ड्राइव्हवेवर सांडलं, आणि नेमकी लिंडा कुत्रा घेऊन हजर.

"हे कुत्र्यांना विषारी असतं ना?" तिचं हसू पहिल्यांदाच जरा उतरलं.

मी गुडघ्यावर बसून सगळा ड्राइव्हवे पुसला. आमच्या लग्नात फरशी एवढी स्वच्छ झाली नव्हती.

ताप उतरला का? नाही.

मग रेडिएटरचं झाकण बदललं. मग नळ्या बदलल्या. पार्ट्सच्या दुकानातला माणूस आता मला बघितलं की दारापर्यंत यायचा. "आज काय घेणार?" भाजीवालाही एवढ्या आपुलकीने विचारत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर मी रोज बातमीपत्र टाकत होतो. लगेच सल्ले सुरू. एकाने लिहिलं, रीस्टार्ट करून बघ. दुसऱ्याने लिहिलं, आमच्या इलेक्ट्रिकमध्ये हा प्रॉब्लेमच नाही. एका मावशींनी धन्याच्या पाण्याचा उपाय पाठवला. तो ट्रकसाठी होता की माझ्यासाठी, ते अजून कळलेलं नाही.

शेवटी डॉक्टर केळकर काका स्वतः आले. काका म्हणजे आमच्या मंडळाचे भीष्माचार्य. इथे आले तेव्हा गावात भारतीय किराणा दुकानसुद्धा नव्हतं. आयुष्यभर हृदयाची ऑपरेशनं केली, आता निवृत्त आहेत आणि कुणी आजारी पडत नाही म्हणून कंटाळलेले आहेत. आमच्या नाटकात ते सासरे होते.

आले ते स्टेथोस्कोप घेऊन! तो त्यांनी इंजिनाला लावला, डोळे मिटले. मी श्वास रोखून उभा.

"ताप कधीपासून?"

"दसऱ्यापासून, काका."

"चढावर धाप लागते?"

"लागते."

"वास येतो काही?"

"येतो. गोडसर."

काकांनी हवेत हुंगलं. तेवढ्यात अनघा बाहेर येऊन म्हणाली, "मला तर देवघरासारखा वास येतोय. फुलं भाजल्यासारखा."

मी हसलो. कसा हसलो सांगू? सहानुभूतीने हसलो. "अगं, ते कूलंट. त्याचा वास गोडच असतो. टेक्निकल आहे ते, तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी उच्चारलं होतं. स्वतःच्या तोंडाने. पुढे जाऊ या.

काका म्हणाले, "पंप गेलाय. पंप बदल."

आता ज्या माणसाने चाळीस वर्षं हृदयं उघडली, त्याला पंपच दिसणार! पण माझी त्यांच्यावर श्रद्धा. मी पाण्याचा पंप बदलला. दोन शनिवार गेले, एका बोटाचं नख गेलं. तरी ताप तसाच. म्हणून त्यापुढचा पंख्याचा क्लचही बदलला. आता इंजिनाच्या पुढच्या बाजूला बदलण्यासारखं फक्त माझं नशीब राहिलं होतं.

आणि मग, नाटकाच्या आदल्या सकाळी, चमत्कार! मी रावसाहेबांना कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं. काटा जागचा हलला नाही! त्या सकाळी इतकी थंडी होती की लिंडाच्या कुत्र्यालाही स्वेटर होता, आणि कोपरा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, या दोन गोष्टींकडे मूळ कारण शोधणाऱ्या टीमच्या प्रमुखाने दुर्लक्ष केलं. मी बॉनेटवर हात ठेवून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, "रावसाहेब ठणठणीत!" आणि हो, आकाशाकडे बघितलं.

नाटकाचा दिवस. हॉल गावाबाहेर, शेतांच्या पलीकडे. प्रशांतचं दार हौद्यात चढवलं, दोर आवळले. पुढच्या लांब सीटवर आम्ही तिघं. मी स्टिअरिंगवर, मधे अनघा, खिडकीशी प्रशांत. अनघाने वेळ वाचवायला घरूनच तयारी केली होती. नऊवारी, नथ, अंबाडा, तोंडावर रंगमंचाचा पूर्ण मेकअप. मागून केळकर काका त्यांच्या गुळगुळीत नव्या गाडीत, तेही धोतर, कोट आणि पगडीत.

पहिली काही मैलं झकास गेली. मी तर शीळही घालत होतो.

मग काटा हलला.

"तो काटा कुठे चालला?" अनघा म्हणाली.

"थोडा फिरतोच."

"तो लाल आहे तिकडे चालला आहे बे!" प्रशांत म्हणाला.

मला युक्ती आठवली. इंजिन तापलं की केबिनचा हीटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते. मी हीटर लावला. पूर्ण! केबिनची भट्टी झाली. आणि त्या गरम हवेबरोबर आला तोच वास, पण आता दसपट. एखाद्या देवळात आग लागली तर येईल तसा.

"मिलिंद, माझं कुंकू ओघळतंय."

"खिडकी उघड."

"उघडू नको!" प्रशांत ओरडला. "केस उडून राहिले त्यांचे!"

"अरे, काटा तरी बघा!"

काटा लाल रेघेच्या पलीकडे गेला, बॉनेटखालून फुस्स झालं, समोरचा रस्ता वाफेत गेला, आणि रावसाहेबांनी मक्याच्या शेताशेजारी कडेला अंग टाकलं.

आम्ही उतरलो. आता हे चित्र डोळ्यांसमोर आणा. इलिनॉयमधला सरळसोट रस्ता. दोन्हीकडे कापणी झालेलं शेत. मधे वाफ सोडणारा लाल ट्रक, त्यात दोरांनी बांधलेलं कोरीव दार. बाजूला नऊवारीतली बाई, जिचं कुंकू नाकापर्यंत आलेलं. आणि पगडी घातलेले काका, स्टेथोस्कोप लावून बॉनेटवर ओणवे.

"पंप तर नवा आहे ना?" काका पुटपुटले. "मग हा वाचायला हवा होता."

 अनघा घड्याळाकडे बघत होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला रावसाहेबांचं काही वाटलं नाही. तिच्या उन्हाळाभराच्या मेहनतीचं मातेरं मी माझ्या बढाईपायी केलं होतं, आणि तेही लोकांसमोर. 

"अनघा, मी..."

"काही बोलू नकोस."

तेवढ्यात मागे निळे-लाल दिवे चमकले. पोलीस!

एक तरुण, उंच ऑफिसर उतरला. त्याने आधी अनघाला बघितलं, मग काकांना, मग दाराला. बिचाऱ्याला ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं नसावं.

"सगळं ठीक आहे ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"ओव्हरहीटिंग," मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो. "थर्मोस्टॅट, झाकण, नळ्या, पंप, क्लच, सगळं बदललंय. फार गुंतागुंतीची केस आहे."

तो पुढे गेला. गुडघ्यावर बसला. ढगाळ होतं, म्हणून टॉर्च काढला आणि रावसाहेबांच्या पुढच्या जाळीच्या फटीतून आत मारला. 

"सर," तो हळूच म्हणाला, "तुमच्या गाडीखाली एखादा प्राणी आला होता का?"

"प्राणी?"

"कोल्हा असावा. किंवा मांजर. आत अडकलंय. केशरी आहे. आणि..." त्याने टॉर्च बाजूला वळवला. "बराच वेळ शिजलंय."

प्रशांत दोन पावलं मागे सरकला. काकांनी पगडी काढली. अहो, माणूस डॉक्टर असला तरी संस्कार असतातच. मी मांजराच्या विचाराने हादरलो. 

आणि माझी बायको? ती नऊवारी सावरत खाली वाकली. टॉर्चच्या उजेडात डोकावली. बराच वेळ डोकावली. मग तिने जाळीत दोन बोटं घातली आणि काहीतरी धरून ओढलं.

बाहेर आली चकाकती जांभळी लोकर. तिला लटकलेलं, भाजून काळपट झालेलं झेंडूचं फूल.

लोकर येतच राहिली. एकामागून एक. ती तिसरी की चौथी माळ होती देव जाणे, अनघाने माझ्याकडे मान वळवली.

"मिलिंद."

"हं."

"निर्माल्य सोडलंस का रे?"

आता सांगतो, पिशवी मी कुठे ठेवली होती. पायाशी नाही, सीटवर नाही, हौद्यात नाही. मग ट्रकमध्ये निर्मळ जागा उरते कोणती? मी बॉनेट उघडून, पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या खोबणीत, पत्र्याखाली, ती नीट सरकवून ठेवली होती. रावसाहेबांच्या छातीशी! तेव्हा स्वतःच्या हुशारीचं केवढं कौतुक वाटलं होतं. वरून दिसत नाही, कुणाचा पाय लागत नाही, लिंडालाही कळत नाही. पिशवी फाटली, पंख्याच्या ओढीने सगळ्या माळा रेडिएटरभर पसरल्या, वरून तोरणाच्या पानांनी लिंपलं. ज्या वाटेने वारा आत यायचा, ती वाटच मी देवाच्या नावाने बुजवली होती. आणि मग पलीकडून एकेक भाग बदलत बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

 पहिला फुटला प्रशांत. तो दाराला धरून हसत खाली बसला.

"दसऱ्याला मी नागपूरला, दीक्षाभूमीवर होतो ना बे," तो डोळे पुसत म्हणाला. "चार दिवस गाव काय सोडलं, तू ट्रकचा देव्हारा करून टाकला!"

काकांनी स्टेथोस्कोप घडी करून खिशात घातला. "ब्लॉकेज," ते गंभीरपणे म्हणाले. "पंप नव्हे, ब्लॉकेज. माझंही निदान चुकलं. पण मिलिंद, रुग्णाच्या घरच्यांनी हिस्टरी खोटी सांगितली की डॉक्टर तरी काय करणार?"

ऑफिसरला काहीच कळत नव्हतं. त्याला मी इंग्रजीत समजावायला गेलो की ही देवाला वाहिलेली फुलं आहेत, ती कचऱ्यात टाकायची नसतात, म्हणून ती इंजिनात ठेवली. तो मान डोलवत राहिला.

"मी तुमच्या परंपरेचा आदर करतो, सर," तो म्हणाला. "पण हे दरवर्षी करता का?"

आम्ही सगळ्यांनी मिळून रेडिएटर साफ केला आणि निघालेलं निर्माल्य दुसऱ्या पिशवीत भरलं. काकांनी चिमट्याने पाकळ्या काढल्या, काय सुंदर हात चालतो हो त्यांचा अजून! ऑफिसरने टॉर्च धरला. इंजिन निवल्यावर प्रशांतने पाणी भरलं. आणि मी किल्लीकडे हात नेला तर ती अनघाच्या हातात.

"तू सरक."

तिने रावसाहेबांना चालू केलं. पहिल्या हाकेला उठले, लबाड! पोलिसाची गाडी पुढे दिवे लावून, मधे आम्ही, मागे पगडी. काटा जागचा हलला नाही. मुख्यमंत्र्यांसारखे हॉलवर पोचलो. दार उभं राहिलं, दिवे लागले आणि पडदा अगदी टोकाच्या मिनिटाला उघडला.

नाटक असं रंगलं म्हणता! अनघाने कमाल केली. मी अंधारात शेवटच्या रांगेत बसलो होतो. वाटलं, चला, इज्जत वाचली. इतक्यात दुसऱ्या अंकात, त्याच दारात उभी राहून, तिने नवऱ्याच्या पात्राला एक प्रश्न विचारला. हा प्रश्न संहितेत कुठेच नव्हता. मी त्या संहितेच्या पोळ्या खाल्ल्या आहेत, मला पाठ आहे.

"अहो, निर्माल्य सोडलंत का?"

अख्खा हॉल फुटला. अख्खा! कारण प्रशांतने मध्यंतरात ग्रुपवर त्या माळांचा फोटो सगळ्या किश्शासकट टाकला होता. लोक खुर्च्यांवरून मागे वळून मला शोधत होते. धन्याच्या पाण्यावाल्या मावशी तर उभ्या राहून बघत होत्या.

परतीच्या वाटेवर गाडी अनघाच चालवत होती. एक हात स्टिअरिंगवर, नथ अजून नाकात.  मीच म्हणालो, "तू म्हणशील तसं. उद्या रावसाहेबांची जाहिरात टाकतो."

"का?"

"म्हणजे? वेळेवर पोचलो खरे, पण पोलीस घेऊन. विकायचं ठरलंय ना?"

तिने डॅशबोर्डवर प्रेमाने थाप मारली.

"यांना कशाला विकायचं? थर्मोस्टॅट नवा, झाकण नवं, नळ्या नव्या, पंप नवा, क्लच नवा. एवढी धडधाकट गाडी गावात दुसरी नाही." मग दोन सेकंद थांबून तिने माझ्याकडे बघितलं. "जुनं आणि बिघडलेलं असं आता या गाडीत एकच काय ते उरलंय."

  मी नीट, ताठ बसलो, कारण निर्माल्याची पिशवी घरापर्यंत माझ्या मांडीवर होती. पायाशी ठेवायची नव्हती ना!